आजीच्या ताटात काय वाढायचं?

तरी मी म्हणतच होतो, पुरणपोळी तुम्हाला आवडते, आजीला नाही! उद्या तिचं वर्षश्राद्ध. तिच्या आवडीचं ताटात वाढायचं, पण ते काय, हे सायखेड्याच्या घरात एकालाही माहीत नाही. मी इकडे वापीला कंपनीत, फोनवर भांडतोय.

आजी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची. गावात कुणाकडे मयत झाली की पहिली पिठलं-भाकरी तिचीच जायची. तिला काय आवडतं, कुणी विचारलंच नाही. मीपण नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीला, भागाआजीला फोन लावला. ती हसायलाच लागली. "आरं, बर्फाचा गोळा! बाजारच्या दिवशी आम्ही दोघी गपचूप खायचो. जीभ लाल झाली का घरी सांगायची, पान खाल्लं."

आणि आम्ही पोरांनी गोळा खाल्ला की आजी लय बडवायची!

अजून काय काय लपवलं असेल तिने? तुमच्या आजीला काय आवडतं, माहीत आहे का तुम्हाला?

घरी फोन करून सांगितलं, तर चुलते म्हणाले, "आरं, ताटात गोळ्याचं पाणी व्हईल." म्हटलं, होऊ द्या. भागाआजीला आणि गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बायांनाही गोळा द्या. पाचशे रुपये पाठवतोय.