तार कोणी धरायची

मीनाक्षीकाकूंचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या घरी टीव्हीच्या बरोबर वर अप्पांचा खादीतला फोटो होता. अप्पा म्हणजे त्यांचे वडील, राजाराम मास्तर. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले आणि बाहेर आल्यावर जन्मभर साताऱ्यात इंग्रजी शिकवलं. भांडण साहेबाशी, त्याच्या व्याकरणाशी नाही. अशा फोटोखाली बसून इंग्रज लॉर्डांची मालिका बघायची काकूंची काही छाती होत नसे.

म्हणून दर रविवारी संध्याकाळी त्या शेजारच्या नोराकडे जात. नोरा मूळची आयर्लंडमधल्या डब्लिनची. तिकडे म्हणे घरोघरी धुराड्यावर उंच अँटेना असायच्या, समुद्रापलीकडचे ब्रिटिश कार्यक्रम फुकटात पकडायला. तिचे वडील जेवताना इंग्रजांचा यथेच्छ उद्धार करत आणि हात धुतले की अँटेना फिरवायला छपरावर चढत. नोराने इथेही केबल घेतली नव्हती. हवेतून येतं त्याचे पैसे कसले द्यायचे, यावर डब्लिन आणि सातारा यांचं पूर्ण एकमत होतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात अप्पा स्वतःच आले, आणि ते आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. म्हातारा बटलर नोकरी सोडतो की राहतो, या काळजीने काकूंना जेवण गोड लागत नव्हतं.

"नोराकडे जरा चकल्या ड्रॉप करून येते," असं म्हणून त्या निघाल्या, तर अप्पा काठी घेऊन तयार.

"चल, मीही येतो. शेजार तरी बघू तुझा."

नोराच्या पडद्यावर लॉर्ड, त्याचा बंगला आणि चांदीची किटली. आता आपण अप्पांच्या मनातून कायमच्या उतरणार, अशी काकूंची खात्रीच झाली.

"हे बघतेस तू?"

"नोरा बघते," काकूंनी बेधडक मैत्रिणीला पुढे केलं.

तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. नोराने अँटेनाची तार हलवून पाहिली, पण चित्र येईना. मग अप्पाच टीव्हीमागे गेले आणि त्यांनी ती धरली. चित्र लख्ख. सोडली की परत मुंग्या.

"मी बघत नाहीये, नुसता उभा आहे," त्यांनी नोरालाही कळावं म्हणून शुद्ध इंग्रजीत जाहीर केलं. थोड्या वेळाने मागूनच आवाज आला, "त्याला म्हणावं, आधी पेन्शन लिहून घे."

शेवटी लॉर्डाने विचारलं, "मग काय ठरलं तुझं?" बटलरने किटली खाली ठेवली. बराच वेळ कोणी बोलेना. ती शांतता अप्पांना सोसवेना. तार सोडून ते लगबगीने पुढे आले, बटलरचं तोंड बघायला. पडदाभर मुंग्या आणि नुसती खरखर.

नोराने धावत जाऊन तार धरली, तोवर नावं वर सरकायला लागली होती.

काकूंना हसू आवरेना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अप्पांची धास्ती न वाटता नुसती माया वाटली.

"मी काही बघितलेलं नाही," अप्पा म्हणाले. ते खरंच होतं. कोणीच बघितलं नव्हतं.

"गुरुवारी हाच भाग पुन्हा दाखवतात," नोरा म्हणाली.

अप्पांनी काकूंची नेहमीची खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि ऐसपैस बसले.

"गुरुवारी तार मीनाक्षी धरेल."