जोतीरामनं उचललेला फोन

आमचा जोतीराम आधी जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं विकायचा. २००३ साली त्यानं राजारामपुरीत टेलिफोन बूथ घेतला आणि शेजारी तीन कॉम्प्युटर मांडून 'नेट कॅफे' अशी पाटी लावली. लाइन मात्र एकच. कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की नेट खलास. हे गुपित त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

गडहिंग्लजची रक्षिता शिकायला मावशीकडं राहायची. रोज चारला येऊन ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चॅट रूममध्ये शिरायची. तिथं पोरं-पोरी वय टाकायची, गाव टाकायची, पटलं तर बोलायची, नाही पटलं तर खिडकी मिटायची. गावात असं कुणाला मिटता येतंय?

जोतीरामचा जीव तिच्यावर होता. सांगायचा धीर नव्हता.

एकदा त्यानं सहज विचारलं, "मॅडम, घरी फोन न्हाय व्हय?"

"हाय की, जोतीरामदादा. पण देव्हाऱ्याशेजारी. मावशी, काका, आज्जी तिघंबी कान लावून बसत्यात. हितं कुणी विचारत न्हाय, तू कुणाची, कंच्या गल्लीची."

'दादा' त्याला मिरचीसारखं झोंबलं. बरं, ती पडद्याकडं बघून हसायची, ते हसणं कुणासाठी? पाच-सहा दिवसांनी तिनंच सांगितलं. बेळगावचा राजशेखर, बँकेत आहे, जातीतलाच आहे, पण बघितलेला नाही. न बघितलेल्या माणसावर जोतीराम असा जन्मात जळला नव्हता. डोंगरावर समोरच्या दुकानदारावरसुद्धा नाही.

मग त्यानं काय केलं? ती हसली की हा काउंटरखाली रिसीव्हर उचलायचा. नेट बंद. ती चुळबुळ करायची आणि निघून जायची. असं चार दिवस चाललं. बाकीची गिऱ्हाइकं शिव्या घालायची, तरी ह्याला समाधान.

पाचव्या दिवशी नेट गेलं तशी ती उठून तडक काउंटरशी आली. जोतीरामच्या हातात रिसीव्हर तसाच.

"फोन चालू हाय न्हवं?" ती म्हणाली.

"हाय की," हा कसाबसा बोलला.

"मग द्या हिकडं. रोज नंबर देतोय त्यो, मलाच धीर होत नव्हता. तुमचं नेट असलं म्हटल्यावर आता करायचं काय?"

गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? त्यानं स्वतःच्या हातानं रिसीव्हर तिला दिला. ती कानडीत बोलत सुटली. जोतीरामला कानडी येत होती ती गिऱ्हाइकापुरती. त्यातलं "ऊटा आय्ता?" एवढं कळलं. जेवलास का, म्हणून विचारत होती. पलीकडून काय आलं कोण जाणे, पण गालापासून मानेपर्यंत लाल झाली पोरगी.

रिसीव्हर परत देताना म्हणाली, "लिहितोय त्यापेक्षा आवाज लई गोड हाय, दादा. उद्यापास्नं नेट नको. फोनच."

पुढं रोज चार वाजता जोतीराम नंबर फिरवून द्यायचा आणि तोंड फिरवून पंखा पुसत बसायचा. वर्षानं बेळगावात लग्न झालं. आमंत्रण आलं, हा गेला, पंगतीत बसला. नवरदेव जवळून बघितला, तर डोक्यावरचे केस विरळ. जोतीरामला मोठं बरं वाटलं. एवढ्यात रक्षिता वाढायला आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हेच ते. ह्यांचं नेट चांगलं असतं तर मी कधी फोन केला नसता."

नवरदेवानं उठून त्याचे पाय धरले. जोतीरामनं आशीर्वाद दिला, आणि समोरची जिलबी कुणालाही न देता सगळी एकट्यानंच खाल्ली.