जपानात लागलेली टोकनांची फळी

जपानहून फोटो आला तेव्हा आम्ही जेवायलाच बसत होतो. मी पळी भाताच्या पातेल्यात तशीच सोडली आणि फोन बाबांसमोर धरला. तुमसरच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. परदेशातल्या कलाउत्सवात माझं काम लागण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी हवेत होते हे कबूल करते.

काम तसं बाबांचंच. ते चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत सारं आयुष्य जमिनीखाली राबले. खाणीत उतरताना माणूस लॅम्परूममध्ये आपलं टोकन देतो आणि टोपीवरचा दिवा घेतो. टोकन फळीवरच्या त्याच्या नंबराच्या खिळ्याला लटकतं. वर आला की दिवा परत आणि टोकन परत. लहानपणी मी ही फळी खिडकीतून पाहायची. भरलेली फार देखणी दिसायची, म्हणून मी तशीच केली. पत्रेवाल्याकडून गोल चकत्या कापून घेतल्या. नंबर बाबांनी सांगितले, आपल्या शिफ्टमधल्या एकेका गड्याचे, कुठेही न अडखळता. चाळीस झाले.

तिकडे एका लहानशा गावात, बंद पडलेल्या शाळेत जगभरातल्या चित्रकारांची कामं मांडली होती. पहिला दिवस संपल्यावर, कुलूप लावायच्या आधी तिथल्या व्यवस्थापक बाईंनी हा फोटो काढलेला. पांढरी भिंत, पिवळा दिवा, चाळीसच्या चाळीस टोकनं चमकताहेत. आता बाबा काय बोलतात म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"उतरव ते," बाबा म्हणाले.

मला वाटलं, रंग आवडला नसेल. काहून म्हणून विचारलं तर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"सगळे खालीच हायेत. तिथं दिवस बुडाला, कुलूप लावून राहिले, अन् एकबी गडी वर नाही आला."

माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी त्या फळीमागे लागले होते, सुट्ट्या घालवल्या होत्या, विमानाने ती पाठवताना कागदपत्रांसाठी नागपूरच्या खेपा केल्या होत्या. मी चढ्या आवाजात सांगू लागले की ही कला आहे, तिथे कुणी खरं खाली गेलेलं नाही, ही टोकनंसुद्धा खरी नाहीत, साध्या पत्र्याची आहेत.

"पत्र्याची असतीन," बाबा म्हणाले. "नंबर तं खरे हायेत."

आणि हात धुऊन अंगणात जाऊन बसले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला ताटाखाली लपावंसं वाटलं. खाणीवाल्याची पोरगी अन् तुले एवढं ठाऊक नाही, म्हणाली. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. मी जन्मायच्या आधी एकदा शिफ्ट सुटली आणि एक टोकन खिळ्यावर राहिलं. कुणीच घरी गेलं नाही. बाबा आणि त्यांचे सोबती पुन्हा खाली उतरले, एकेका बोगद्यात जाऊन हाका मारत राहिले. कॉलनीतल्या बायका फाटकाशी उभ्या. दोन तासांनी कळलं की त्या माणसाच्या बायकोला बाळंतपणाला नेलं होतं, म्हणून तो दिवा परत न करताच पळाला होता. तुमसरच्या दवाखान्यात टोपी घालून बसलेला सापडला. बाबांनी त्याला दोन ठेवून दिल्या आणि मग त्याच्याच गळ्यात पडून रडले. शिफ्ट सुटल्यावर खिळ्यावर टोकन दिसलं की बाबांना अजून घास उतरत नाही, हे मला घरात राहूनही माहीत नव्हतं. फार लाज वाटली.

उतरवायचं तर सगळंच गेलं. आणि नाही उतरवलं तर बाबांना काय तोंड दाखवू? मी जपानच्या बाईंना लिहायला बसले. दवाखान्यातल्या त्या माणसाची गोष्टही लिहिली आणि विनंती केली की सकाळी टोकनं लावा, गड्यांना कामाला जायचंच आहे. पण येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक टोकन काढून पेटीत टाकू द्या, आणि कुलूप लागताना खिळ्यावर एकही राहू देऊ नका. पाठवलं आणि मग आठवलं. उत्सवाच्या पत्रकावर भरलेल्या फळीचा फोटो छापून झाला होता. आता बदल होणार नाही असं त्यांनी म्हटलं असतं तर मी काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी चहा होत होता तेव्हा उत्तर आलं. आजपासूनच तसं करतो, बंद झाल्यावर फोटो पाठवते. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धा बाबांपाशी अडकलेला होता, कारण त्यांना सांगितलं तर ते फक्त "पाहू" म्हणाले.

तिथले पाच म्हणजे आपले दीड. रविवार होता. आईने लाखोरीच्या डाळीचं वरण केलं होतं, पण बाबा ताटावर यायला तयार नाहीत. भूक नाही म्हणे. दीड वाजला. पावणेदोन वाजले. मी उगाच आईवर खेकसले.

मग फोटो आला. फळी रिकामी. नुसते चाळीस खिळे आणि त्यांच्याखाली रंगवलेले नंबर. बाईंनी सोबत लिहिलं होतं की आज पाऊस होता, तेवीसच लोक आले. "उरलेली सतरा टोकनं मी माझ्या हाताने काढली, आणि काढताना प्रत्येक नंबर मोठ्याने पुकारला, कारण न पुकारता काढणं मला बरं वाटलं नाही."

मी हे बाबांना मराठीत वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि एकेका नंबरावर बोट ठेवत गेले. ओठ हलत होते. चाळिसाव्यावर थांबले आणि मोठा श्वास सोडला.

"आले सगळे," ते म्हणाले.

"त्यातले आठ-दहा तं कवाचेच गेले," आई हळूच म्हणाली.

"तेबी आले," बाबा म्हणाले. "वाढ आता."