नवमीला पाठवलेले फोटो

आधीच सांगून टाकतो – भूतखेत, करणी, भानामती यातलं मला काही पटत नाही. माझं निम्मं आयुष्य डार्करूममध्ये गेलं. कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उगवताना मी दिवसातून पन्नास वेळा बघितलाय, आणि ते केमिकलमुळे होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे या सदरात लोक जे लिहितात – पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक वगैरे – ते मी चहाबरोबर वाचतो आणि हसतो. आज तुम्ही माझ्यावर हसा, माझी हरकत नाही.

गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. आई आणि मी विरार पूर्वेला मनवेलपाड्याच्या एका चाळीत राहायचो. स्टेशनच्या पश्चिमेला इनासकाकांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे मी नुकताच कामाला लागलो होतो. बाप्तिस्मा, लग्न, मयत – गावातली कुठलीच गोष्ट इनासकाकांच्या कॅमेऱ्याशिवाय पुरी व्हायची नाही. फोटो ते काढायचे. रोल धुणं, प्रिंट काढणं आणि रिटचिंग माझ्याकडे. रिटचिंग म्हणजे बारीक पेन्सिलीने आणि ब्रशने लोकांचे मुरुम, सुरकुत्या, देवीचे वण घालवायचे. माझा हात त्यात चांगला होता. दुकानाला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती आणि काचेसमोर रस्त्यापलीकडे एसटीचा थांबा.

माझी मोठी बहीण सुमन आगाशीजवळच्या वाटारला दिली होती. नवऱ्याचं नाव हरेश्वर. केळीची वाडी, वाडीत बावखल – बावखल म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं तळं. त्या वर्षी फाल्गुनात ताई त्या बावखलात बुडाली. संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी वर आली. पाणी भरताना पाय घसरला, असं हरेश्वरने सांगितलं, आणि पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. आता ताईला चांगलं पोहता येत होतं. मला पोहायला तिनेच शिकवलं होतं. मी हे तिथे दहा माणसांसमोर बोललो, तर हरेश्वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दिनू, तू अजून पोर हाय. आईला घरी घेऊन जा."

तो हात मी विसरलो नाही. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. ताईचं काय केलं ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते ऐकेपर्यंत त्याला एक दिवससुद्धा सुखाचा लागू द्यायचा नव्हता. मी काही साधुसंत नाही.

श्रावणात, दुपारच्या वेळी, मी पार्टिशनमागे बसून कुणा नवरीच्या हनुवटीवरचा डाग काढत होतो. बाहेर सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. दार वाजलं, छत्री झटकल्याचा आवाज आला आणि मग त्याचा आवाज ऐकू आला. मी इथे काम करतो हे त्याला माहीत नसणार.

"फोटो जरा बरा काढा, काका. मुलगी आगाशीची हाय, शिकलेली हाय."

"लगीन कवा?" इनासकाकांनी विचारलं.

"दिवाळी झाली की. परवा फोटो पायजे."

ताईला जाऊन सहा महिने झाले नव्हते. माझ्या हातात रिटचिंगचं, डाग खरवडायचं पातं होतं. पार्टिशनपलीकडे तो केसांवरून कंगवा फिरवत होता. मी उठलो नाही, एवढंच सांगतो... का उठलो नाही ते मलाही नीट माहीत नाही.

काकांनी दोन फोटो काढले आणि तो गेल्यावर कॅमेरा माझ्याकडे दिला. आमचा तो जुना दोन लेन्सचा कॅमेरा – छातीशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं. रोल बारा फोटोंचा. गिऱ्हाइकाला घाई असली की आम्ही रोल वाया घालवायचो नाही. उरलेले फोटो काहीतरी काढून संपवायचे आणि मग धुवायचा, अशी पद्धत. "धा बाकी हायत," काका म्हणाले. "संपव नि धू."

एरवी मला अशी संधी म्हणजे सण असायचा. काकांकडे कुणीतरी ठेवून गेलेल्या एका परदेशी मासिकात मी तसले फोटो बघितले होते – पावसाने भरलेल्या काचेतून काढलेला रस्ता, पुढे थेंब स्वच्छ, मागे माणसं विरघळल्यासारखी. मला तसं काम करायचं होतं, पासपोर्ट फोटो नव्हे. पण त्या दिवशी मी काचेशी गेलो तो त्याच्यासाठी. समोर थांब्याच्या पत्र्याखाली हरेश्वर एसटीची वाट बघत उभा होता, एकटाच. पावसात माणूस नव्हता रस्त्यावर. मी कॅमेरा काचेला लावून त्याच्यावर फोकस केला आणि दाबत गेलो. दर वेळी रोल पुढे सरकवायचा, खाली बघायचं, दाबायचं. दहा फोटो. मनात काय चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, संपादक छापणार नाहीत. दहावा झाला आणि आगाशीची गाडी आली.

हे नीट लक्षात घ्या – मी दहाही वेळा कॅमेऱ्याच्या काचेत बघत होतो. तो एकटा होता.

रोल धुतला, वाळवला, दुसऱ्या दिवशी प्रिंट काढले. स्टुडिओतले दोन ठीक. थांब्याचे पहिले तीनही ठीक – थेंब, पाऊस, पत्र्याखाली छत्री घेतलेला माणूस. चौथा ट्रेमध्ये उगवायला लागला तेव्हा त्याच्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला, एक बाई दिसली. छत्री नाही, अंगाला चिकटलेलं लुगडं. पाचव्यात ती थोडी जवळ. सहाव्यात आणखी. एका फोटोतून दुसऱ्यात चार-पाच पावलं. दहाव्यात ती त्याला खेटून उभी होती, आणि तो एसटी येते का म्हणून दुसरीकडे बघत होता.

चेहरा थेंबांनी पुसल्यासारखा झाला होता. पण आपल्या माणसाला ओळखायला चेहरा लागत नाही. ताईला लहानपणापासून डावा हात कमरेच्या मागे घेऊन, उजव्या पायावर भार देऊन उभं राहायची सवय होती. आई त्यावरून तिला ओरडायची.

मी काकांना हाक मारली. ते लाल दिव्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "जाळून टाक ते." भाबडा माणूस. मी त्यांना हो म्हटलं. खरं सांगू? मला भीती वाटलीच नाही. मला आनंद झाला. इतके महिने मी एकटाच होतो, आता ताईही माझ्या बाजूला आली होती.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी तो फोटो न्यायला आला तेव्हा काका जेवायला घरी गेले होते. काउंटरवर मला बघून तो जरा चपापला, मग हसला.

"अरे दिनू, तू हितं?"

"बसा भावोजी. फोटो छान आलेत."

मी स्टुडिओतले दोन त्याच्यापुढे ठेवले. मग थांब्यावरचे एकेक करून, पत्ते टाकावेत तसे. पहिले तीन बघून तो म्हणाला, "हे कशाला काढले?" चौथ्यावर तो पुढे वाकला. पुढचे टाकताना मी फोटोंकडे बघतच नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटचा त्याने हातात घेतला. त्यात बाईच्या पदराचं टोक खाली लोंबत होतं, घट्ट पिळल्यासारखं, चुरगळलेलं. त्याचा अंगठा त्या टोकावर फिरत राहिला.

"गाठ कशी सुटली?" तो म्हणाला.

मला विचारलं नव्हतं त्याने. स्वतःशीच बोलला. मी म्हटलं, "कसली गाठ, भावोजी?" तेव्हा तो भानावर आला. दहाही फोटो फाडले, तुकडे खिशात कोंबले आणि पावसात निघून गेला. छत्रीही राहिली, स्टुडिओतले दोन फोटोही राहिले.

पंचनाम्यात गाठीचा कुठे उल्लेख नव्हता. पदराला काहीतरी जड बांधलं असेल तर पोहणारी बाईही बुडते, हे मला तेव्हा सुचलं. मी निगेटिव्ह घेऊन एका ओळखीच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी खिडकीपाशी धरून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "एसटीच्या थांब्यावर एक बाई उभी आहे. मग?" बरोबरच होतं त्यांचं.

आगाशीचं लग्न मोडलं. वाटारच्या बाया टोपल्या घेऊन विरारच्या बाजारात यायच्या, त्यांच्याकडून आईला सगळं कळायचं. त्या म्हणाल्या, तोच नको म्हणाला, कारण सांगितलं नाही. त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या वर्षी पितृपक्षात आई बाजारातून आली ती भिंतीला टेकून बसली. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, आणि ते तिच्या सासरी करायचं असतं. आई म्हणाली, "त्या घरात तिचं पान ठेवत नाहीत रे. उपाशी ठेवलीय माझ्या पोरीला." आम्ही ठेवलं असतं, पण तिच्या मते तो मान आमचा नव्हता.

मी पानावर आणि कावळ्यावर विश्वास ठेवणारा नव्हतो. पण नवमी लक्षात ठेवली. थांब्यावरच्या चौथ्या फोटोचा, ज्यात ती लांब उभी होती त्याचा, प्रिंट काढला, पाकिटात घातला आणि बरोबर नवमीला पोचेल असा पोस्टात टाकला. आत चिठ्ठी नाही, काही नाही. पुढच्या वर्षी पाचवा. मग सहावा. दर नवमीला ताई त्याच्याकडे चार-पाच पावलं जवळ. बाजारातून बातम्या येत राहिल्या – पावसाळ्यात घराबाहेर पडत नाही, खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत, बावखल बुजवायला माणसं बोलावली आणि मग परत पाठवली. आईला वाटायचं देव करतोय. मी तिला तसं वाटू द्यायचो. पितृपक्ष जवळ आला की मला हुरूप यायचा, लोकांना गणपतीत येतो तसा.

सातव्या वर्षी शेवटचा फोटो राहिला होता, ती त्याला खेटून उभी असलेला. त्याची मी सगळ्यात जास्त वाट बघितली होती. निगेटिव्ह मशीनला लावलं, कागद ट्रेमध्ये सोडला. थेंब उगवले. पत्रा उगवला. हरेश्वर उगवला, छत्री घेऊन, दुसरीकडे बघत. मी वाट बघत राहिलो. कागद काळा पडायची वेळ आली तरी त्याच्या शेजारी कुणी आलं नाही.

निगेटिव्ह उजेडाला धरून भिंगाने बघितलं. खरवडल्याची खूण नाही, डाग नाही. बाकीची सहाही काढली. सगळीकडे तो एकटा. ती निगेटिव्ह माझ्या कुलपात होती, किल्ली माझ्या करगोट्याला.

ताई गेली होती. आणि मला काय वाटलं असेल? राग आला. तुझं भागलं असेल, माझं भागलेलं नाही, असं मी तिला मोठ्याने म्हटलं. मग ब्रश घेतला. त्याच निगेटिव्हचा दुसरा प्रिंट काढून, ती उभी होती त्या जागी, दोन दिवस बसून मी तिला रंगवली – ओलं लुगडं, पिळलेला पदर, कमरेमागचा हात. चेहऱ्यावर थेंब. मग त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढला, म्हणजे नव्या प्रिंटवर ब्रशचा माग राहत नाही. इनासकाकांना दाखवला असता तर त्यांनीही पुन्हा खूण केली असती. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. नवमीला पोचेल असा पोस्टात टाकला.

आठ दिवसांनी हरेश्वरचं आंतर्देशीय आलं. सात वर्षांत पहिल्यांदा. अक्षर वेडंवाकडं होतं.

"दिनकर, गेल्या वर्षीचा फोटो आला त्या दिवशी मी तिचं पान ठेवलं. कावळा शिवेना. दोन वाजेपर्यंत उभा राहिलो. मग तिला काय केलं ते सगळं मोठ्याने बोललो, एक गोष्ट लपवून ठेवली नाही. तेव्हा शिवला. त्यानंतर ती मला दिसली नाही. यंदाच्या फोटोतली बाई तू काढलेली आहेस. आता तू पण सोड."

पत्रात काय केलं ते नव्हतं. मी उलटसुलट करून बघितलं, कडेच्या घडीतसुद्धा बघितलं.

आईला एवढंच सांगितलं की पान ठेवलं. ती रडली आणि देवापुढे साखर ठेवली. मीही रडलो, पण वेगळ्या कारणासाठी. जे ऐकायला मी सात वर्षं थांबलो होतो ते त्याने बोलून टाकलं होतं, आणि तिथे ऐकायला ताई होती, एक कावळा होता, मी नव्हतो. तिने ऐकलं आणि ती निघून गेली. जाताना मला विचारलंसुद्धा नाही.

कॅमेऱ्याच्या काचेत जे मला दिसलं नाही ते फिल्मवर कसं आलं, आलेलं परत कसं गेलं, आणि मी रंगवलेली बाई त्याने बघता क्षणी कशी ओळखली – यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा. "सोड" म्हणालात तर मात्र उपयोग नाही. पुढच्या वर्षी पितृपक्ष लागला तेव्हा मी पुन्हा ब्रश धुऊन ठेवला होता.