लसूणमावशींची नारिंगी पोरं

लसूणमावशींना भीती वाटली की त्या लसूण सोलायला बसत. चार पाकळ्या नव्हेत, चांगलं पातेलंभर. मग त्याची चटणी व्हायची आणि आमच्या टेक्ससमधल्या प्लेनोच्या अपार्टमेंटमधल्या यच्चयावत मराठी घरांत ती पोचायची. लहान डबी आली की सामना बरा गेला असं समजायचं. श्रीखंडाचा मोठा डबा भरून आला, की जर्मनीत कुणीतरी हरलेलं असायचं. त्या वर्षी माझ्या फ्रीजमध्ये दुधापेक्षा चटणी जास्त होती. मी घरून काम करत होते, हे माझ्या ऑफिसचं नशीब.

मावशी मूळच्या मिरजेच्या. इथे मुलीकडे, मृदुलाकडे राहायच्या. मृदुला फार्मासिस्ट, शनिवार-रविवारी तिची हमखास ड्यूटी. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर एकटी राहत होते. "शनिवारी सकाळी सहाला आईला जरा एक मॅच लावून देशील का? तिला ते अॅप जमत नाही," असं मृदुलानं विचारलं तेव्हा मला वाटलं, क्रिकेट असेल. क्रिकेटसाठी पहाटे उठायची आपल्याला सवय असते, म्हणून मी हो म्हणून बसले. निघालं फुटबॉल. तेही जर्मनीतलं, आणि तेही दुसऱ्या लीगमधलं. म्हणजे जगाला ज्यांची नावं पाठ असतात ते क्लब वरच्या वर्गात, आणि हे खालच्या. मावशींचा क्लब जुन्या कारखान्यांच्या कुठल्याशा गावाचा होता. नारिंगी शर्ट, काळ्या चड्ड्या. त्या त्यांना 'आपली नारिंगी पोरं' म्हणायच्या. ऑफसाइड काय असतं ते मी एकदा समजावून सांगायला गेले. "पुढं गेला म्हणून शिक्षा?" त्या म्हणाल्या. "मग पळतात कशाला?" मी तो नाद सोडला.

मला हसू यायचं, मंदारचं कळेपर्यंत. मंदार मावशींचा धाकटा. शिकायला जर्मनीला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. आदल्या एका हिवाळ्यात त्याची नोकरी गेली, मग तो फोन घेईनासा झाला, आणि मग त्यानं नको ते केलं. घरमालकिणीला संशय आला, तिनं दार उघडायला लावलं, म्हणून वाचला. बरा होऊन घरी आल्यावर शेजारच्या एका माणसानं त्याला जवळजवळ ओढत स्टेडियममध्ये नेलं. तिथे गोलच्या मागे उभं राहून बघायची जागा असते. त्या गर्दीत हा उभा राहिला, सगळ्यांबरोबर ओरडला, आणि घरी जाऊन त्यानं कितीतरी महिन्यांनी आपणहून आईला फोन केला. हे सगळं मावशींनी मला एका सकाळी लसणाची सालं फुंकत फुंकत सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ज्या दोरीला धरून माझं पोरगं वर आलं ना, ती दोरी म्हणजे हा क्लब. आता तूच सांग, तुटली तर?" त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं.

नारिंगी पोरं जिंकली की मंदारचा फोन आमच्या जेवणाच्या आत यायचा. बरोबरी झाली की दुसऱ्या दिवशी. हरली की तो गप्प. मावशींनी केला तरी उचलायचा नाही, आणि मग कधीतरी चार-आठ दिवसांनी 'सॉरी आई, मूड नव्हता' एवढा मेसेज. मधल्या दिवसांत मावशी फोन हातातून खाली ठेवायच्या नाहीत. आंघोळीला जाताना तो मृदुलाकडे सोपवायच्या आणि आतून विचारत राहायच्या, "वाजला का गं?" मृदुला वैतागायची. "आई, इट्स जस्ट अ गेम यार. मी टेक्स्ट केलंय त्याला, करेल तो रिप्लाय." पण स्वयंपाकघरात पाठ फिरवून तीही सारखा आपला फोन बघायची. दोघी मायलेकी एकमेकींपासून आपली भीती लपवायच्या, आणि ती दोघींच्याही तोंडावर दिसायची.

एवढं करून मावशी चेंडू कधी बघायच्याच नाहीत. त्या बघायच्या प्रेक्षक. मंदार कुठे उभा असतो ते त्यांनी त्याच्याकडून नीट विचारून घेतलं होतं: गोलच्या मागे, डाव्या अंगाला, ढोलवाल्याच्या खाली. आता कॅमेरा काही उगाच तिकडे जात नाही. पण त्या बाजूला कॉर्नर मिळाला की खेळाडू चेंडू घेऊन कोपऱ्यात जातो, आणि त्याच्यामागे क्षणभर ती सगळी माणसं दिसतात. म्हणून मावशींचा जप एकच होता, "त्या बाजूला कॉर्नर मिळू दे रे देवा. कुणाचाही." आपल्या गोलवर समोरचे चाल करून आले तरी त्या हात जोडून वाट बघायच्या. मी म्हणायची, "मावशी, हा कॉर्नर त्यांचा आहे, आपल्याला धोका आहे." त्या म्हणायच्या, "असू दे. जरा दिसू तर दे." परगावचा सामना असला की मंदार जायचा नाही. त्या दिवशी बघायलाच काही नसायचं आणि चटणीचा डबा मोठा व्हायचा.

एकदा दिसला. म्हणजे मावशींना दिसला. ढोलवाल्याच्या खाली चष्मा, गळ्यात नारिंगी मफलर, उघडलेलं तोंड, आणि लगेच कॅमेरा वळला. "मागं घे," त्या म्हणाल्या. मी मागे घेतलं. "परत." परत घेतलं. पाकळी हातात तशीच धरून त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बारीक झालाय." मला तो तिकडचाच कुणीतरी मुलगा वाटला होता. मी आणखी एकदा मागे घेतलं.

डिसेंबरात लीगला सुट्टी लागली. मला वाटलं, चला, मावशींना जरा श्वास घेता येईल. झालं उलटंच. सामने नाहीत म्हणजे जिंकणं नाही, आणि जिंकणं नाही म्हणजे फोन नाही. शिवाय हिवाळा. "चार वाजता काळोख पडतो गं तिथं," त्या म्हणायच्या, आणि आपल्याच खिडकीबाहेर बघायच्या, जिथे टेक्ससचं ऊन पडलेलं असायचं. त्याच दिवसांत एका सकाळी वर गेले तर त्यांनी देव्हाऱ्यातला पितळी गणपती स्टीलच्या वाडग्यात पाणी घेऊन त्यात बसवला होता. देव पाण्यात घालून बसणं मी जन्मभर नुसतं बोलण्यात ऐकलं होतं, खरोखर घातलेला पहिल्यांदाच बघितला. वाडगा मायक्रोवेव्हशेजारी. देवाच्या जवळ पाण्यात एक सुपारीही होती. पूजेत सुपारी असतेच, म्हणून मी विचारलं नाही. मावशी रोज सकाळी पाणी बदलायच्या आणि बदलताना ओठ हलवायच्या.

माझंही तेव्हा फार बरं चाललेलं नव्हतं. कंपनीत माणसं कमी करणं सुरू होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की बाडबिस्तरा गुंडाळायचा, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला की मी आधी लॉगिन चालतंय का ते बघायची. मावशींना मी एकदाच म्हटलं होतं, गणपती पाण्यात बसायच्या आधी, तेही थट्टेत, "मावशी, माझी टीमपण हरणार बहुतेक, नोकरी जाईल." त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"आईला सांगितलंस?"

"नाही. उगाच घाबरेल ती."

"हं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सोलायला लागल्या.

फेब्रुवारीनंतर नारिंगी पोरांना काय झालं कोण जाणे. हरत सुटली. लीगमध्ये अठरा क्लब, त्यातले तळाचे दोन थेट तिसऱ्या लीगमध्ये जातात, आणि त्यांच्या वरच्याला जगायची एक शेवटची संधी मिळते. आपण नवव्या नंबरावरून घसरत घसरत त्या तिघांत येऊन बसलो. आपण म्हणतेय मी, कारण तोवर मीही त्यात पुरती अडकले होते. मंदारच्या गप्प राहण्याचे दिवस वाढत चालले. मृदुला रात्री घरमालकिणीला मेसेज करायची आणि तिचं 'दिवा चालू आहे' असं उत्तर आलं की झोपायची. मावशी काही विचारायच्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "खाली पडली तर रे?" 'रे' कुणाला ते मला कळायचं. तो वाडग्यात बसलेला होता.

शेवटचा सामना मे महिन्यातल्या एका रविवारी होता, घरच्या मैदानावर. बरोबरी झाली असती तरी ती शेवटची संधी मिळत होती. मृदुला ड्यूटीवर. आम्ही दोघी सोफ्यावर, पातेलं मध्ये. मीही सोलत होते. एक-एक अशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. मावशींचे ओठ हलत होते, "कॉर्नर मिळू दे रे देवा, कुणाचाही." आणि मिळाला. समोरच्यांचा, मंदारच्याच बाजूला. मावशी उठून टीव्हीजवळ गेल्या. ढोलवाला दिसला, त्याच्याखाली माणसांचे पांढरे पडलेले चेहरे दिसले, चेंडू वर गेला आणि कुणाच्या तरी डोक्याला लागून आपल्याच गोलमध्ये गेला.

संपलं. खाली पडलो.

"मीच मागितला," मावशी म्हणाल्या. "कुणाचाही म्हणाले गं मी." त्यांनी मंदारला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पडद्यावर मोठमोठे बाप्ये मैदानात आडवे पडून रडत होते. मी मृदुलाला कळवलं, तिनं फक्त "निघाले" एवढंच म्हटलं. मी मृदुलानं देऊन ठेवलेला घरमालकिणीचा नंबर शोधत होते आणि तो समोर असून मला दिसत नव्हता. इतकी मी आजवर कधी घाबरलेली नाही, माझ्या स्वतःच्या नोकरीसाठीही नाही. तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. मंदार होता, व्हिडिओवर.

"आई, ऐकू येतंय का? इथे प्रचंड आवाज आहे." त्यानं फोन फिरवून दाखवलं. कुणी घरी गेलेलं नव्हतं. सगळी गर्दी तशीच उभी राहून गात होती. "गेलो गं आपण खाली."

"बघितलं रे."

"रडतेयस?"

"हाताला लसूण आहे. डोळे पुसता येत नाहीत."

त्यानं फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "तू घाबरली असशील म्हणून लगेच केला. मी ठीक आहे. पुढच्या सीझनला येतेस का इकडे? तुझंपण तिकीट काढतो."

"जेवलास का?" मावशींनी विचारलं.

फोन झाल्यावर त्यांनी साबणानं हात धुतले, गणपती पाण्यातून काढला, पदरानं पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. माझ्या जिवात जीव आला होता, म्हणून मला थट्टा सुचली. "मावशी, क्लब तर बुडाला."

"क्लबसाठी कुणी घातला होता?" त्या म्हणाल्या. मग वाडग्यातलं पाणी बदललं आणि वाडगा परत मायक्रोवेव्हशेजारी ठेवला. सुपारी आतच होती.

"ही काढायची राहिली."

"ती तुझी आहे. तुझं कुठं मिटलंय अजून?"

म्हणजे मी थट्टेत नोकरीचं बोलले त्या दिवसापासून रोज सकाळी पाणी बदलताना त्या माझ्यासाठीही मागत होत्या. माझ्या आईला मी सांगितलं नव्हतं, म्हणून आईच्या वाटणीची भीती त्यांनी आपल्याकडे घेऊन ठेवली होती. मला रडू आलं. लसूण माझ्याही हाताला होता.

जुलैत त्या मंदारकडे गेल्या. निघायच्या दिवशी वाडगा खाली आणून माझ्या ओट्यावर ठेवला. "पाणी रोज बदल," त्या म्हणाल्या. "आणि आईला सांग. आया घाबरतात, पण न सांगितलं तर जास्त घाबरतात." विमानतळावर पाया पडले तर त्यांच्या हाताला तोच वास येत होता. त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन करून आईला सगळं सांगितलं. ती घाबरली. आता रोज फोन करते.

नोकरी अजून आहे, उद्याचं माहीत नाही. सुपारी पाण्यात आहे. शनिवारी सकाळी मी उठते आणि कुठल्यातरी अंधुक दिसणाऱ्या अॅपवर तिसऱ्या लीगमधला सामना लावते. मंदार म्हणतो, आईला बसायचं तिकीट काढून देतो म्हटलं तरी ऐकत नाही, माझ्याशेजारीच उभी राहते. मी पातेलं घेऊन बसते आणि कॉर्नरची वाट बघते, कुणाचाही. परवा मिळाला. ढोलवाल्याच्या खाली एक पांढरा अंबाडा दिसला, स्वेटरवर नारिंगी मफलर, आणि कॅमेरा वळला. मी मागे घेतलं. परत घेतलं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं.

बारीक झाल्यात.