आधी पाणी दावा

“आधी पाणी दावा, मशीन मागनं बघू.”

दारात पाऊल टाकल्याबरोबर मावशी हेच म्हणायच्या. गीझर असो नाहीतर वॉशिंग मशीन, त्या आधी नळ सोडायच्या, पाणी दोन बोटांत चोळायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. “ह्येला पाणी म्हणायचं का चुना?”

विट्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहावर मी अकरा वर्षं रेक्टर होते. गीझर दुरुस्त करायला बाई येते याचं सुरुवातीला मलाही नवल वाटलं होतं. त्यांचा नवरा सैन्यात यंत्रदुरुस्तीच्या कामावर होता. निवृत्तीनंतर त्यानं दुकान टाकलं आणि दोन वर्षांत त्याचं अर्धं अंग लुळं पडलं. मग तो खुर्चीत बसून सांगायचा आणि या पाना फिरवायच्या. पुढं त्यानं सांगायचं बंद केलं, कारण यांना त्याच्यापेक्षा जास्त कळायला लागलं होतं.

तुमच्या घरी बोरचं पाणी असेल तर वेगळं सांगायला नको. बादलीला आतून पांढरा थर, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, धुतलेले केस काथ्यासारखे. आमच्याकडं तेच पाणी होतं. मावशी गीझरची कॉइल बाहेर काढायच्या तेव्हा ती ओळखू यायची नाही, इतका जाड दगड तिच्यावर चढलेला असायचा. तो त्या हातोडीनं फोडायच्या आणि फोडता फोडता बोलायच्या. “सा म्हयन्यात ह्ये! आन् वर म्हणत्यात, मावशी, तुमचं काम टिकत न्हाई!”

एकदा एका मुलीनं हसत विचारलं, “मावशी, एवढं चिडता कुणावर? पाण्यावर?”

“पाण्यावर कशाला चिडू? त्ये जमिनीतनं येतंय तसं येतंय. माणसाला डोळं हाईत न्हवं?”

गीझरला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो थोडं पाणी बाहेर सोडतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गीझरचा व्हॉल्व्ह सारखा ठिबकायचा. खालच्या खोलीच्या छताला ओल आली म्हणून संस्थेच्या सचिवांनी कुणाला तरी बोलावून त्याचं तोंडच प्लग मारून बंद करून घेतलं. मावशींना ते दिसलं आणि त्यांनी तिथल्या तिथं गीझरची वायर काढली. टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘वापरू नका’ असं लिहिलं आणि तरातरा सचिवांच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या मागं.

“सायेब, ठिबकतंय म्हंजे त्यो त्याचं काम करतोय. क्षारानं आतला थर्मोस्टॅटबी अडकाय लागलाय. वरनं तोंड दाबलं तर टाकी फुटंल. तिथं पोरी आंघोळ करत्यात.”

सचिव हसले. “मावशी, नवा गीझर खपवायचाय का?”

“माझ्याकडनं नगा घिऊ. कुणाकडनंबी घ्या. पर ह्यो चालू करू नगा.”

“परीक्षा होऊ देत, मग बघू.”

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “मॅडम, तुमी हाय न्हवं हितं? ध्यान ठिवा.”

मी आठ दिवस ध्यान ठेवलं. नंतर दोन दिवस गावी गेले. थंडी वाढली होती, मुली गरम पाण्यासाठी कुरकुरत होत्या, म्हणून सचिवांनी वायर पुन्हा जोडून घेतली. मी परतले तेव्हा टाकीवरची अक्षरं पुसलेली होती आणि गीझरचा लाल दिवा लागलेला होता. मी सचिवांना फोन केला. “चाललाय ना? मग चालू दे,” ते म्हणाले.

मी चालू दिला. हे वाक्य मी कितीदाही लिहिलं तरी त्याची लाज कमी होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी फुटली. बाथरूममध्ये कडेगावकडची अकरावीतली एक मुलगी होती. तिची पाठ, उजवा खांदा आणि दंड भाजला. जीव वाचला.

चार दिवसांनी बैठक झाली. मुलीचे वडील भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं. सचिव शांतपणे म्हणाले, “त्या गीझरला शेवटचा हात या बाईंनी लावला होता. असलं काम बाईमाणसाला दिलं, ही आमची चूक.”

मला वाटलं, आता मावशी खोली डोक्यावर घेतील. पण त्यांनी पिशवीतून तो व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवला. मुलीच्या वडिलांना सोबत घेऊन त्यांनी तो सकाळीच मोडतोडीतून उचलला होता. प्लग तसाच होता.

“ह्यो म्या मारलाय का?”

त्या माझ्याकडं वळल्या. “मॅडम?”

माझी नोकरी त्याच संस्थेत, राहायची खोली त्याच आवारात. मी खाली बघत राहिले. मान वर केली तेव्हा मुलीचे वडील माझ्याकडं बघत होते. मग मी सगळं सांगितलं. प्लग कुणी मारून घेतला, अक्षरं काय होती, वायर कुणी जोडायला लावली, आणि मी फोन करून गप्प कशी बसले.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हटलं, “मावशी, माफ करा.”

त्यांचा आवाज तेव्हा चढला. “त्वांड उघडाय येवढा येळ? काय इचार करत व्हता वं तितं? पोरगी दवाखान्यात पालथी पडलीय!” त्यानंतर कित्येक महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

वर्षअखेरीला मला काढून टाकलं. सचिवांनी एक दिलगिरीचं पत्र लिहिलं आणि ते सचिवच राहिले. गीझर नवे आले, पाणी तेच राहिलं. गावात मात्र ‘त्या बाईच्या हातून टाकी फुटली’ हीच गोष्ट फिरत राहिली आणि मावशींच्या कामाची निम्मी घरं तुटली. उरलेल्या घरी त्या पाना हातात घ्यायच्या आधी खरं काय घडलं ते पहिल्यापासून सांगायच्या. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी थांबायच्या नाहीत.

गेल्या वर्षी त्या गेल्या. रक्षाविसर्जनाला सचिव आले आणि ‘आमच्या संस्थेच्या हितचिंतक भगिनी’ असं काहीतरी बोलू लागले. मी सगळ्यांच्या देखत उठून चालू लागले. रागानं मला समोरची वाट दिसत नव्हती.

मला दिसत होती टाकी फुटल्यानंतरची दुसरी थंडी. एका सकाळी मावशी अचानक माझ्या दारात आल्या. “चला,” एवढंच म्हणाल्या. आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई सांगत होती, पोरगी तेव्हापासून ऊन पाण्याला शिवत नाही, असल्या थंडीतही गारच पाणी घेते. मावशींनी चुलीवर पाणी तापवलं, न्हाणीत नेलं, पोलक्याची बाही वर सारली आणि तांब्याभर कोमट पाणी स्वतःच्या दंडावर ओतलं. मग दुसरा तांब्या. मग तिसरा. मुलगी उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

चौथ्या तांब्याला तिनं एक बोट पुढं केलं.