अप्पांना सगळं एकाच पडद्यावर हवं होतं

मी निवडलेलं सॉफ्टवेअर चांगलं निघालं. आजही त्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

आमच्या मालकांना सगळे अप्पाच म्हणायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, आवाज कधी चढायचा नाही. लातूरला त्यांची डाळमिल आणि मुख्य ऑफिस, नांदेडला दुसरी मिल, निलंग्याला सोयाबीनची खरेदी. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडं होतं. धंदा वाढला तसं ज्याला जे सुचलं ते त्यानं घेतलेलं. हिशोबाचं सॉफ्टवेअर लातूरला एक, नांदेडला दुसरंच, वजनकाट्याचं आणखी तिसरं. कोणतं चालू ठेवायचं, कोणतं टाकायचं, पुढं काय घ्यायचं, कुणालाच धड सांगता यायचं नाही.

एके दिवशी अप्पांनी बोलावलं. "पोरी, लई पसारा झालाय. आपल्याकडं काय हाय, कशाला हाय, पुढं काय लागंल, सगळं मला एकाच पडद्यावर दिसलं पाहिजे. असं सॉफ्टवेअर शोध."

मी सरळच विचारलं, "अप्पा, माणसं कमी करायला नाही ना?"

"न्हाई गं. मशिनींचा मेळ घालायचाय. माणसं आपली हायत."

हे वाक्य मी नांदेडच्या ऑफिसात जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

मग कंपन्यांची माणसं यायला लागली. पुण्याहून आलेला एक जण बराच वेळ पडद्यावर रंगीत चक्रं फिरवत बसला. मी विचारलं, "उद्या वजनकाट्याचा प्रोग्राम बंद केला तर कुठं कुठं काम अडेल, हे यात दिसेल का?" माझ्या शेजारी बसलेल्या कारकुनाकडं बघून तो म्हणाला, "सर, ते पुढच्या व्हर्जनमध्ये येईल." प्रश्न मी विचारला होता, निर्णय मी घेणार होते! त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते लख्ख दिसायचं. एखाद्या कामावर बोट ठेवलं की ते कोण करतं, बंद केलं तर काय अडतं, तेच काम आणखी कुठं होतं का, सगळं समोर. मी तेच निवडलं.

पण आत माहिती खरी हवी. नांदेडचं ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंशिवाय ती मिळणार नव्हती. मी नोकरीला लागले तेव्हा डाळीच्या धंद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, ते त्यांनीच शिकवलेलं. आम्ही दोघी त्यांच्या टेबलाशी बसून माहिती भरायला लागलो.

"सगळं खरं खरं भरायचं का गं?" ताईंनी विचारलं.

"हो. नाहीतर उपयोग काय?"

"मी बिलांचं काम करून राहिले, ते लातूरलाबी होऊ शकतं. तिथल्या पोरींना मीच शिकवलंय. तेबी भरू?"

"भरा ताई. अप्पांनी शब्द दिलाय."

"हाव. भरते मग."

सगळं तयार झाल्यावर लातूरला अप्पांना दाखवलं. ते चष्मा लावून पडद्याजवळ आले, नांदेडच्या बिलांवर बोट ठेवलं. "हे बंद केलं तर काय अडतंय?"

काहीच अडत नव्हतं. पडद्यावर तसं दिसतच होतं.

"आन् ह्याच्यापुढं नाव कुणाचं हाय?"

त्याच महिन्यात ताईंना आणि त्यांच्या हाताखालच्या मुलींना घरी बसवलं. मला कळलं तशी मी न विचारताच केबिनमध्ये घुसले.

"अप्पा, माणसं आपली हायत म्हणाला होतात तुम्ही!"

"मी कुठं काढलं? तू आणलेल्या सॉफ्टवेअरनंच दाखवलं की."

"एकच काम दोन ठिकाणी होऊ शकतं, एवढंच दाखवलं त्यानं. ताईंना दुसरं काम देता आलं असतं. काढलं तुम्ही! लातूर-निलंग्याला ज्यांनी अर्धवट माहिती भरली ते खुर्चीत बसलेत, आणि जिनं खरं सांगितलं ती घरी."

अप्पांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तू कॉम्प्युटरची बाई. धंद्यातलं तुला कळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. नव्या माणसाला सगळं शिकवून जा, म्हणाले. मी शिकवलं नाही.

नांदेडला ताईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. "तू विचारलंस म्हणून भरलं. अप्पांनी विचारलं असतं तर चकार शब्द काढला नसता."

मला त्यांचाही राग आला. माझीही नोकरी गेलीच होती की. तसं मी बोलूनही गेले.

"तू सोडलीस," ताई म्हणाल्या. "मला काढलं."

आता त्या एका खताच्या दुकानात आहेत. फोनवर बोलतो आम्ही, पण पहिल्यासारखं नाही. मी धंदेवाल्यांना सॉफ्टवेअर निवडून द्यायचं काम अजूनही करते. मात्र सुरुवातीलाच मालकाला सांगते: सगळ्या माणसांना समोर बसवा आणि यातून तुम्ही काय करणार आहात ते तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगणार नाही. काही मालक तिथूनच चिडून उठतात. उठू देत.